आधी समोरच्याचं म्हणणं

इनास गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात लेखणी होती, आणि ती मी खाली ठेवली नाही. ठाण्याच्या फौजदारी कचेरीत मी कारकून आहे; बैलचोरीच्या एका खटल्यातली साक्ष उतरवून घेत होतो. पट्टेवाला वाकून कानाशी म्हणाला, "भाऊसाहेब, कोपरीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीत तुमचे ते मास्तर खलास झाले. लोकांनी दगड घातला." मी मान हलवली आणि पुढचं लिहीत राहिलो. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी तो कागद माझ्यापुढे धरला. बैलाच्या शिंगांचं वर्णन अगदी बिनचूक, अक्षर नेहमीसारखं. ते म्हणाले, "अहो, तुम्ही उठून जायला हवं होतं." मी विचारलं, "कुठे?" खरंच सांगतो, मला कळत नव्हतं. दिवस गाठीच्या तापाचे, प्लेगचे. सकाळी भेटलेला माणूस संध्याकाळी नसायचा, कान त्याला सरावले होते. इनास तापानं गेला असता तर मी ढसाढसा रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण दगड? इनासला? ज्या वाडीतल्या घरटी एका तरी पोरानं त्याच्याकडे बाराखडी गिरवली, त्या वाडीनं? महिना उलटून गेला, पण हा घास अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्यात मुंबईच्या एका पत्रानं छापलं की, सरकारच्या बाजूनं बोलणाऱ्या एका ख्रिस्ती मास्तराचा संतप्त गावकऱ्यांनी बळी घेतला. झालं! छापलं म्हणजे ते खरंच. बाजारात भेटेल तो मला विचारायला लागला, "तुमचे दोस्त साहेबाला फितूर होते म्हणे?" एकाला तर मी असं काही सुनावलं की तो अजून रस्ता बदलून जातो. इनास कुणाला फितूर नव्हता. तो आपल्या माणसांसाठी बोलायला उभा राहिला होता, आणि त्याचं बोलणं पुरतं झालं नव्हतं. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते एवढ्यात सांगून होण्यासारखं नाही. इनास कुठे काय शिकला ते कळल्याशिवाय तो कसा मेला ते कळायचं नाही.

माझे वडील, अण्णा, कल्याणला घरीच न्यायशास्त्र शिकवत. आम्ही चार-सहा पोरं ओसरीवर बसून घोकत असू. एका दुपारी एक उंच, काळासावळा तरुण टोपी हातात धरून पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, मला तुमचा तर्क शिकायचा आहे. आमचा शिकून झाला." आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. नाव विचारलं तर इनास. मग हसणं थांबलं आणि सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघायला लागले. अण्णा कर्मठ होते, पण विद्येच्या बाबतीत अधाशी होते. त्यांनी त्याला ओसरीच्या टोकाला वेगळी चटई दिली आणि विचारलं, "तुमचा म्हणजे कुणाचा?" तेव्हा कळलं की तो पाद्री होण्यासाठी मुंबईला त्यांच्या धर्मपाठशाळेत होता. तिथे देवाधर्माची विद्या सुरू होण्याआधी तीन वर्षं तत्त्वज्ञान पुरं करावं लागतं, तेही लॅटिन भाषेत. ते पुरं झालं आणि इकडे बाप गेला. आई एकटी, मिठागरावरची मजुरी तिला झेपेना. म्हणून हा परत आला तो कायमचा. अण्णांनी विचारलं, "तीन वर्षं काय शिकलास?" इनास म्हणाला, "आधी विचार नीट कसा करायचा ते. मग एखादी गोष्ट 'आहे' म्हणजे काय, ते. मग जग, मग जीव, मग नुसत्या बुद्धीच्या जोरावर देवापर्यंत किती पोचता येतं ते. आणि शेवटी, वागायचं कसं." अण्णा म्हणाले, "म्हणजे वागण्यापर्यंत यायला तुम्हाला तीन वर्षं लागतात!" इनास हसला. म्हणाला, "तुमच्याकडे लवकर येतं?" आणि आमचे अण्णा, ज्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे, ते खो खो हसले. तिथून त्याची चटई पक्की झाली.

त्याच्या पाठशाळेतली एक चाल अण्णांना फार आवडली. तिथे दर शनिवारी वाद होत असे. एकानं सिद्धान्त घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं तो मोडायचा. आणि मोडणाऱ्याचा स्वतःचा त्या सिद्धान्तावर विश्वास असला तरी त्यानं जीव तोडून मोडायचा. पण खरी गंमत पुढे. उत्तर देणाऱ्याला लगेच उत्तर देता येत नसे. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं, पुरतं, त्याच्या सगळ्या बळासकट मांडायचं. समोरच्यानं "हो, हेच माझं म्हणणं" अशी कबुली दिली की मग एकेका वाक्याला मान्य, अमान्य किंवा फोड करतो, असं म्हणायचं. फोड करतो म्हणजे, या वाक्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्यात, त्या मी सुट्या करतो. एक घेतो, एक परत करतो. इनासनं एकदा आत्मा मरतो अशी बाजू घेतली होती आणि ती इतकी घट्ट लावून धरली की उत्तर देणारा पोरगा बाकावर बसून रडला. मी विचारलं, "अरे, पण तुला तर ते खोटंच वाटतं ना? मग कशाला त्याच्या जिवावर उठलास?" तो म्हणाला, "मी ढिला बोललो असतो तर तो ढिलाच जिंकला असता." अण्णा म्हणाले, "पूर्वपक्ष आम्हीही मांडतो. पण आपल्या सोयीचा मांडतो, आणि बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचा. जिवंत माणसाकडून कबुली घेऊन पुढे जायचं, हे काही वेगळंच आहे."

अण्णा गेल्यावर मी ठाण्याला नोकरीला लागलो. इनास तेव्हा वाडीतल्या चर्चच्या शाळेत मास्तर झाला होता, लग्न झालं होतं. मग दर रविवारी दुपारी मी त्याच्या पडवीत. त्याच्या डोक्यात एक खूळ होतं: ही सगळी विद्या मराठीत आणायची. लॅटिनमध्ये शिकलेलं आपल्या आईला सांगता येत नाही, याचं त्याला फार लागायचं. शब्द पाडायला मी. बापरे, काय भांडलो असू आम्ही! 'आहे' या एका गोष्टीवर आमचे दोन पावसाळे गेले. एक असणं झालेलं असतं आणि एक असणं अजून व्हायचं असतं, हे त्याला समजावून द्यायचं होतं. तो म्हणाला, "हे बघ दामू, खाडीच्या पाण्यात मीठ आहे की नाही? आहे, पण मिठाचा ढीग अजून झालेला नाही." मी म्हणालो, "मेल्या, पाणी चाखून बघ, मीठ आत्ताच आहे त्यात!" तो थांबला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "तुझं म्हणणं असं की..." आणि माझंच म्हणणं माझ्याहून चांगलं मांडून दाखवलं. इतकं चांगलं की आपण एवढे शहाणे आहोत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग "मान्य," म्हणाला आणि मिठाचं उदाहरण सोडून दिलं. माणूस असा सहज हरतो हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आमच्या कचेरीत तर नाहीच नाही.

ही चाल त्यानं घरीदारी सगळीकडे नेली. त्याची बायको आग्नेस कावायची. "पाणी भरलं नाही म्हणून मी बोलले, तर हे समोर उभे राहून म्हणतात, तुझं म्हणणं असं की, मी पाणी भरायला हवं होतं. अहो, माझं म्हणणं मला ठाऊक आहे, घागर उचला!" असं ती मला सांगायची आणि तो बाजूला उभा राहून मान डोलवायचा, "बरोबर, हेच हिचं म्हणणं." पण वाडीत या चालीचा उपयोग फार झाला. बांधावरून, माडाच्या झावळीवरून, जाळ्यावरून भांडणं आली की लोक चर्चसमोरच्या क्रुसाच्या ओट्यावर इनासकडे यायचे. तो दोघांच्या मधे बसे आणि पहिल्याला म्हणे, "तू आधी याचं सांग." कुणालाच ते धड सांगता यायचं नाही. पुन्हा सांग, पुन्हा सांग, असं करता करता दुपार कलायची आणि भांडणातली अर्धी हवा निघून जायची. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. तिथे तो मधे बसलेला असे. स्वतः एका बाजूनं उभा राहून बोलताना वाडीनं त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं.

मग तो ताप आला. सरकारनं वस्त्यांबाहेर छावण्या घातल्या. गाठ दिसली की आजाऱ्याला उचलून छावणीत न्यायचं, घरच्यांना दाराशीसुद्धा फिरकू द्यायचं नाही. लोक घाबरून आजारी माणसं लपवायला लागले, माळ्यावर, मिठाच्या कोठारात, कुठेही. वाडीत डॉक्टरसाहेब येणार असं ठरलं तेव्हा सगळे इनासकडे गेले. "मास्तर, तुमीच बोला. तुमाला सायबाच्या देवाघरची भासा येते." आदल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो, ती आमची शेवटची भेट. त्यानं मला डॉक्टरसाहेब केलं आणि समोर उभा राहून सगळा वाद म्हणून दाखवला. काय मांडला होता! आधी साहेबाची बाजू: हा रोग माणसापासून माणसाला लागतो, घरात ठेवलेला एक आजारी अख्खं घर संपवतो, आजाऱ्याला पदराखाली झाकणारी आई आपल्याच उरलेल्या लेकरांचा घात करते. मग त्याचं उत्तर: "आजाऱ्याला वेगळं ठेवावं, मान्य. त्याला त्याच्या माणसांपासून तोडावं, अमान्य. या दोन गोष्टी आहेत. साहेब एकीच्या पोटात दुसरी घालून आणतात. चर्चच्या मागच्या वाडीत आम्ही झावळीच्या झोपड्या घालतो. प्रत्येक आजाऱ्याजवळ त्याच्या घरचं एकच माणूस बसेल, आणि जे बसेल ते ताप संपेपर्यंत वस्तीत परत यायचं नाही. आई पोराजवळ बसेल. साहेबांना वेगळेपणा मिळेल, आणि आमचं माणूस एकटं मरायचं नाही."

मी ऐकतच राहिलो. मग म्हणालो, "इनास, उद्या क्रम उलटा कर. आधी आपलं बोल. ही माणसं शनिवारच्या वादाला येत नाहीयेत, जिवाच्या भीतीनं येतायत." तो म्हणाला, "आधी आपलं बोललो तर साहेब म्हणतील, याला माझं कळलंच नाही, आणि कान बंद करतील. एकदा का ते हो म्हणाले, की त्यांना ऐकावंच लागेल." मी म्हणालो, "साहेब ऐकतील रे, पण लोक?" त्यावर तो इतक्या सहज बोलला... "अरे, माझीच माणसं ती. मला ओळखतात." मी उद्याच्या कचेरीच्या कामाचं निमित्त सांगून निघालो. निमित्त कसलं, काम होतंच. दुसऱ्या दिवशी मी तिथे नव्हतो.

जे झालं ते आग्नेसनं आणि आणखी दोघांनी सांगितलं. क्रुसाच्या ओट्यावर तो उभा, खाली वाडी, बाजूला खुर्चीवर डॉक्टरसाहेब आणि त्यांचा दुभाषी. इनास नेहमीप्रमाणे सुरू झाला, समोरच्याचं म्हणणं, पुरतं, सगळ्या बळासकट. ढिलं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं ना! लोक आधी गप्प, मग कुजबुज. आपला मास्तर साहेबाचंच बोलतोय? कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो विकला गेला!" त्यानं हात वर करून थांबा म्हटलं आणि साहेबांकडे वळला. आई आपल्याच लेकरांचा घात करते, हे वाक्य नुकतंच झालं होतं. "हेच आपलं म्हणणं ना?" असं त्यानं विचारलं. साहेबांनी मान डोलावली. इनास लोकांकडे वळला, तोंड उघडलं... आणि दगड कानशिलावर बसला. तो ओट्याच्या पायरीवर पडला तो उठलाच नाही. एक श्वास, अहो, एकच श्वास मधे पडला असता! मी रोज कचेरीतून येता-जाता हा हिशेब करतो.

पुरायला वाडीतली माणसं फारशी आली नाहीत. घरांची दारं ओढलेली होती. मी कबरस्तानात आतपर्यंत गेलो, माती टाकली, घरी येऊन अंघोळ केली. दोन्ही गोष्टी सांगायला मला लाज नाही. दगड पडला त्याच दुपारी साहेबांचे शिपाई वाडीत शिरले होते आणि लपवलेली माणसं बाहेर काढून छावणीत नेली होती. त्यामुळे तर मास्तरांनीच आजारी माणसं धरून दिली असा बोभाटा झाला. आग्नेसच्या विहिरीवर बायका येईनाशा झाल्या. ती मला म्हणाली, "भाऊ, मेला त्याचं मी सोसेन. पण तो आमच्याविरुद्ध बोलून मेला असं माझ्या तोंडावर म्हणतात, ते मी कशी सोसू? तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. तुम्ही सांगा." मी सांगितलं. घरोघर गेलो. लोकांनी ऐकून घेतलं, पण कसं, तर मित्र आहे, बोलणारच, असं.

पंधरवडा गेला असेल. संध्याकाळी कचेरीतून आलो तर दाराबाहेर एक बाई बसलेली. कात्रीनबाय, वाडीतलीच, मिठागरावर काम करणारी. तिची धाकटी पोर लपवलेल्यांपैकी होती हे मला ठाऊक होतं. ती पोर छावणीत नेली आणि चौथ्या दिवशी गेली, तेही ठाऊक होतं. कात्रीनबाय आत आली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "भाऊ, मना येकच सांगा. मास्तर पुढं काय बोलनार व्हता?" मी म्हटलं, "मी तुमच्या वाडीत सांगितलं की." ती म्हणाली, "तवा मी दार लावून बसलेली. आता सांगा." मी विचारलं, "आताच का?" ती म्हणाली, "धोंडा माज्या हातचा."

मला राग यायला हवा होता; आला नाही. वाटलं, हिला काही सांगू नये. म्हणावं, तो साहेबाच्याच बाजूनं बोलणार होता, जा बाई, पोर गेली एवढं तुला पुरे. खोटं बोलून एका जिवाचं ओझं हलकं होत असेल तर बोलावं की नाही, यावर इनासचं आणि माझं वर्षानुवर्षं भांडण. तो म्हणायचा, खोटं कधीच नाही. फार तर गप्प बसावं. मी म्हणायचो, तुझं हृदय दगडाचं आहे. आणि आता तर मला गप्पही बसता येत नव्हतं, कारण गप्प बसलो असतो तर आग्नेसची विहीर तशीच राहिली असती. मी सांगितलं. मान्य, अमान्य, झावळीच्या झोपड्या, एका आजाऱ्याजवळ घरचं एक माणूस. "आई पोराजवळ बसेल," हेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. "सायबाचं पन सांगा, पहिल्यापासना." तेही सांगितलं. ती ओठ हलवत होती, लहान पोरं पाठांतर करतात तशी. मग पदर डोक्यावर ओढून चालायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी फौजदारापुढे गेली आणि दगड आपला असल्याचं तिनं सांगितलं. कुणी तिचं नाव घेतलेलं नव्हतं, घेणारही नव्हतं. मॅजिस्ट्रेटपुढे चौकशी झाली तेव्हा मी तिची साक्ष लिहून घ्यायला नकार दिला आणि मागे लोकांत बसलो. माझ्या शेजारी आग्नेस होती. अर्धी वाडी आली होती. डॉक्टरसाहेब साक्षीदार म्हणून हजर. मॅजिस्ट्रेटनी दुभाष्याकरवी विचारलं, दगड तू मारलास का? ती म्हणाली, "मारला." का मारलास? ती म्हणाली, "ते मागून सांगतंय. आधी ह्या सायबाचं म्हननं." आणि डॉक्टरसाहेबांकडे तोंड करून तिनं त्यांची बाजू मांडली. तुटक, खेडवळ, पण एकही कडी न सोडता. लेकरांचा घात करणाऱ्या आईपर्यंत आली, तिथे थांबली आणि विचारलं, "असंच ना, सायेब?" दुभाष्यानं सांगितल्यावर साहेब चपापले, आणि हो म्हणाले. मग तिनं इनासचं उत्तर सांगितलं. येगळं ठेवाचं ते मान्य. तोडून न्यायचं ते अमान्य. झोपड्या. येक आजारी, येक मानूस. आग्नेसनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं लागली.

दुभाषी इंग्रजीत सांगत होता तोवर डॉक्टरसाहेब तिच्याकडेच बघत होते. मग आपल्या मोडक्या मराठीत त्यांनी स्वतःच तिला विचारलं, हे तर करता आलं असतं; मग हे त्यानं त्याच दिवशी का नाही सांगितलं?

कात्रीनबाय म्हणाली, "सांगतच व्हता, सायेब. मी थांबली नाय."